न वितळवलेलं मेण

१९९३च्या हिवाळ्यात आमच्या बिश्केकच्या हॉस्पिटलातलं मेण संपलं. कोळसा आधीच संपला होता, औषधं संपत आली होती, सोव्हिएत देश तर दोन वर्षांपूर्वीच संपला होता. पण मेण नसलं की पॅथॉलॉजी विभागाचं कामच ठप्प होतं. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात घट्ट बसवायचा, त्या ठोकळ्याचे कागदाहून पातळ काप काढायचे, ते काचपट्टीवर घेऊन रंगवायचे आणि मग डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. मेण नाही तर निदान नाही. तेव्हा वरून हुकूम आला: तळघरात जुने हजारो ठोकळे पडले आहेत, ते वितळवा आणि तेच मेण पुन्हा वापरा.

हुकूम ज्यांच्या हातात पडला त्या सोनुनबूबू, विभागाच्या मुख्य तंत्रज्ञ, तेव्हा अडतीस वर्षांच्या. आम्ही सगळे त्यांना सोनुन एजे म्हणतो. मोठ्या बहिणीला बिश्केकमध्ये तशीच हाक मारतात. मी बेगायम, त्याच विभागातली पॅथॉलॉजिस्ट. १९९३ साली मी शाळेत पाढे पाठ करत होते, त्यामुळे यातलं काही ऐकलेलं आहे आणि काही माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं.

एजेंनी हुकूम मोडला नाही, पण धड पाळलाही नाही. अंगावर दोन कोट चढवून त्या तळघरात उतरल्या आणि तीन दिवस ठोकळे निवडत बसल्या. टॉन्सिल, अपेंडिक्स, पित्ताशय यांचे ठोकळे त्यांनी खुशाल पातेल्यात टाकले. गाठींचे ठोकळे मात्र बुटांच्या खोक्यांत भरले आणि रंग ठेवायच्या खोलीत कपाटावर छतापर्यंत रचले. व्यवस्थापक बघायला आले.

"हे काय ठेवलंय?"

"गाठी आहेत, साहेब."

"मग? मेण ते मेणच ना?"

"मेण मेणच आहे. पण आत माणसं आहेत."

"मेलेली?"

"काही मेलेली, काही अजून चालतायत-फिरतायत. कोण का मेलं आणि कोण का जगलं, ते कुणाला कळलेलं नाही. कळलं की वितळवते."

व्यवस्थापकांनी डोक्याला हात लावला आणि ते निघून गेले. त्या वर्षी ज्याला त्याला आपापली डोकेदुखी होती.

एजेंच्या या हट्टामागे दोन ठोकळे होते. एक त्यांच्या धाकट्या बहिणीचा, अनारकानचा.

अनारकान डोंगरातल्या नारिन शहरात, पोस्टात तारायंत्रावर बसायची. पंचवीस वर्षांची, भयंकर हसरी. १९८६च्या शरद ऋतूत तिच्या पोटात दुखायला लागलं म्हणून एजेंनी तिला आपल्याकडे आणून दाखवलं. स्वादुपिंडाच्या शेपटाला गाठ निघाली. स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगाने माणूस वर्षभरही टिकत नाही, पण ही गाठ त्यातली नव्हती. स्वादुपिंडात रक्तातली साखर सांभाळणाऱ्या पेशींची छोटी छोटी बेटं असतात, त्या पेशींतून ही उगवली होती. अशा गाठी दुर्मीळ आणि बहुधा सावकाश वाढणाऱ्या. अनारकानची अक्रोडाएवढी होती, शल्यविशारदांनी ती अख्खी काढली. त्याच आठवड्यात नारिनकडच्याच कालमुरात नावाच्या मेंढपाळाची तसलीच गाठ निघाली, पण मुठीएवढी.

दोन्ही ठोकळे एजेंनी एकाच सकाळी, एकाच पात्याने कापले. विभागप्रमुख सिम्योन ल्वोविच यांनी दोन्ही काचपट्ट्या बघितल्या आणि म्हणाले, "दोन्ही सारख्या. शांत गाठी आहेत. मोठी आहे तिची जरा काळजी वाटते. तुझ्या बहिणीला सांग, नशीब काढलंस."

एजेंनी वॉर्डात जाऊन सांगितलं, "अक्रोडाएवढी तर होती गं! लग्नाला लाग आता."

तीन वर्षांत अनारकानचं यकृत गाठींनी भरलं आणि ती गेली. ज्या महिन्यात तिला पुरलं त्याच महिन्यात मेंढपाळ कालमुरात शल्यविशारदांना मटणाची एक तंगडी द्यायला हॉस्पिटलात आला होता, गाल लालबुंद, जणू आत्ताच घोड्यावरून उतरलाय.

एजे सिम्योन ल्वोविचांकडे गेल्या. काय चुकलं, असं विचारलं. त्यांनी दोन्ही काचपट्ट्या पुन्हा मागवल्या, शेजारी शेजारी ठेवल्या, तासभर बघितल्या. मग चष्मा काढला.

"सोनुन, मला माहीत नाही. आज हे कुणालाच माहीत नाही."

"एवढा मोठा माणूस," एजे मला सांगायच्या, "पण थाप नाही मारली. त्यांनी काहीतरी थातुरमातुर सांगितलं असतं ना, तर मी रडून मोकळी झाले असते आणि विसरले असते."

त्या विसरल्या नाहीत. त्यांनी एक वही सुरू केली. स्वादुपिंडाची अशी गाठ ज्या ज्या माणसाची निघेल त्याचं नाव, गाव, ठोकळ्याचा क्रमांक, आणि पुढे त्याचं काय झालं ते. हे पुढचं मिळवणं म्हणजे काय खटाटोप! हॉस्पिटलातून घरी गेलेला माणूस परत कळवतो कुठे? एजे शनिवारी तारघरात रांग लावून गावोगावच्या कचेऱ्यांत फोन करायच्या. इथल्या ओश बाजारात तलासचा कुणी राजमा विकणारा दिसला की त्याला धरायच्या: "तुमच्या गावात अमुक अमुक, ट्रॅक्टरवाला, कसा आहे?" लग्नात गेल्या तरी तेच, मयताला गेल्या तरी तेच. नातेवाईक त्यांना बघून कुजबुजायचे, "आली बाई, आता स्वादुपिंडाची चौकशी करणार." त्यांचा नवरा, देव त्याचं भलं करो, म्हणायचा, "माझ्या भावांची नावं हिला आठवत नाहीत, आणि जलालाबादच्या कुठल्याशा बाईचा वाढदिवस पाठ!"

मी विभागात आले २००९ साली. पहिल्याच दिवशी एजेंना काप काढताना पाहिलं. यंत्राचं चाक त्या एका लयीत फिरवत होत्या आणि पात्यावरून मेणाची फीत उलगडत होती, केसाच्या जाडीत वीस-पंचवीस मावतील इतकी पातळ. ती फीत त्यांनी कुंचल्याच्या टोकाने उचलून कोमट पाण्यावर सोडली; ती पसरली आणि तिच्यातल्या सुरकुत्या आपोआप गेल्या. मी वाकून बघायला गेले.

"डॉक्टर आहेस ना? मग तोंड मिट. काप आहे तो, तुझ्या सासूने थापलेला नान नव्हे. फुंकर लागली तर उडून जाईल."

"मला सासू नाहीये अजून, एजे."

"अशी फुंकर मारत राहिलीस तर मिळणारही नाही."

पुढे मी दोन वर्षं इटलीत एका प्रयोगशाळेत शिकायला होते. तिथे नेमका याच गाठींवर अभ्यास चालू होता. दिसायला सारख्या गाठी आत रेणूंच्या पातळीवर वेगवेगळ्या जातींच्या असतात आणि त्या जातीवरून पुढे काय होणार याचा अंदाज बांधता येतो, हे जगात दोन-चार ठिकाणी नुकतंच दिसायला लागलं होतं. तिथले लोक एकाच गोष्टीसाठी हळहळायचे: अशा गाठी दुर्मीळ, आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं रुग्णाचं काय झालं हे माहीत असलेले ठोकळे त्याहून दुर्मीळ. हे ऐकताना मला बुटांचे खोके दिसत होते. २०१९च्या वसंतात परत आले आणि सामान न सोडताच विभागात गेले.

"एजे, तुमच्या वहीत किती नावं आहेत?"

"त्रेसष्ट. का गं?"

मी सांगायला लागले. एजे चहा ओतत होत्या, त्यांनी किटली खाली ठेवली.

"साध्या भाषेत सांग. मी काप काढणारी बाई आहे."

मी म्हटलं, "तुमच्या नारिनला याकच्या केसांचा दोर वळतात ना? त्याचं टोक सुताने आवळून बांधतात, नाहीतर पीळ सुटतो. प्रत्येक पेशीत असे शेहेचाळीस दोर आहेत आणि प्रत्येकाची दोन्ही टोकं आवळलेली असतात. पेशी दुभंगते तेव्हा दर वेळी ते सूत थोडं झिजतं. पार झिजलं की पेशी थांबते, म्हातारी होते. पण काही गाठींमध्ये त्या टोकांची राखण करणारी दोन प्रथिनं असतात, त्यातलं एक नाहीसं होतं. मग पेशी एका दोराचं सूत बघून दुसऱ्याच्या टोकाला मनमानी सूत गुंडाळत सुटते. थांबतच नाही."

"म्हणजे म्हातारं व्हायचंच विसरते."

"हो. आणि दुसरी गोष्ट, गाठ कुठल्या कुळातली आहे. बेटावर साखर वाढवणाऱ्या पेशी वेगळ्या आणि उतरवणाऱ्या वेगळ्या. गाठीतल्या पेशीच्या पोटात अजून त्या कुळाची खूण असते. साध्या रंगात दिसत नाही, खास रंग लावला तर दिसते."

एजेंनी किटली पुन्हा उचलली, उरलेला चहा ओतला. मग म्हणाल्या, "आणि हे सगळं जुन्या मेणात टिकलं असेल?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू?"

नीतिसमितीने परवानगी दिली, पण जे हयात आहेत त्यांची सही घ्या म्हणाली. त्रेसष्टांपैकी सव्वीस हयात होते आणि एकूण एकाचा पत्ता एजेंकडे होता. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघी माझ्या खटारा गाडीतून देशभर हिंडलो. नारिनच्या वरच्या कुरणात कालमुरात आबांचा लोकरीच्या नमद्याचा तंबू होता. आबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, पाठ ताठ. त्यांच्या बायकोने घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कुमिस आणि तळलेले बोरसोक पुढे ठेवले. एजेंनी कागद काढला आणि काय हवं ते सांगितलं.

"माझ्या पोटातला तुकडा?" आबा म्हणाले. "अजून आहे?"

"आहे, आबा."

"तेहतीस वर्षं?"

आतून त्यांची बायको ओरडली, "बघा! तुमची एक तरी वस्तू कुणीतरी जागच्या जागी ठेवली!"

आबा हसले, सहीसाठी पेन घेतलं, आणि थांबले. "आमच्या वॉर्डाच्या समोरच्या खोलीत एक पोरगी होती. तिचंही माझ्यासारखंच ऑपरेशन झालं होतं. दिवसभर हसायची. टाके दुखतात, हसवू नकोस म्हणून आम्ही ओरडायचो तिच्यावर. तिचं काय झालं पुढे?"

"माझी बहीण ती," एजे म्हणाल्या. "तीन वर्षांनी गेली."

आबांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आत त्यांच्या बायकोने दुधाची चरवी घुसळणं थांबवलं. आबांनी सही केली, ठळक अक्षरात, पूर्ण नाव. "उत्तर मिळालं तर मलाही कळवा," म्हणाले. "मला नेहमी वाटायचं, हे आयुष्य मला फुकटात मिळालं."

शरद ऋतूत काम सुरू झालं. चौसष्ट वर्षांच्या एजेंनी त्रेसष्टही ठोकळे स्वतः कापले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. काचपट्ट्यांवर नाव नाही, नुसते नवे क्रमांक. कुठला क्रमांक कुणाचा, ते एजेंनी एका पाकिटात घालून मोहोर लावली, म्हणजे मी बघताना माझ्या मनात काही येऊ नये. एकोणीस ठोकळे वाया गेले. इतक्या वर्षांत त्यांच्यात रंग धरायची ताकद उरली नव्हती. चव्वेचाळीस बोलले. जिथे गाठीतल्या पेशी कोऱ्या राहिल्या आणि शेजारच्या रक्तवाहिनीच्या पेशी मात्र छान तपकिरी झाल्या, तिथे कळायचं की रंग चुकलेला नाही, गाठीतलं राखणदार प्रथिनच नाहीसं झालेलं आहे. तीस वर्षांपूर्वी मेणात बुडवलेली पेशी अजून इतकं नेमकं सांगते, हे पाहून माझ्या अंगावर दर वेळी काटा यायचा.

दोरांच्या टोकांची तपासणी अंधाऱ्या खोलीत करावी लागते. टोकांना चिकटणारं चमकतं द्रव्य लावायचं आणि निळ्या प्रकाशात बघायचं. सकाळी अकराला पडदे ओढून आम्ही बसलो. पहिल्या काही काचपट्ट्यांत पेशींमध्ये बारीक धुळीसारखे अंधूक कण दिसले, नेहमीसारखे. मग सतरावी लावली आणि मी मागेच सरले. पेशीपेशीत ढळढळीत तेजस्वी गोळे. एजेंना बसवलं. त्यांनी डोळा लावला.

"हे काय गं? बर्फावर ऊन पडल्यावर डोळ्यांत टोचतं तसं."

"मनमानी गुंडाळलेलं सूत, एजे."

"किती सुंदर दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि मग घाईने उठल्या, जणू काही वावगं बोलून बसल्या होत्या.

सगळं संपल्यावर मी टेबलावर काचपट्ट्यांचे तीन ढीग लावले. पहिल्यात साखर वाढवणाऱ्या कुळाच्या, राखणदार हरवलेल्या आणि गोळे चमकणाऱ्या गाठी: तेरा. दुसऱ्यात उतरवणाऱ्या कुळाच्या, टोकं साधी: सतरा. तिसऱ्यात ज्या धड कुठेच बसत नव्हत्या त्या: चौदा. एजेंनी मोहोर फोडली, वही उघडली. मी क्रमांक सांगत गेले आणि त्या वाचत गेल्या.

पहिला ढीग. "तलास, शिंपीण. चौथ्या वर्षी यकृतात, गेली. तोकमोक, बसचा वाहक. दुसऱ्या वर्षी, गेला. कारा-बाल्ता, सुईण. सहा वर्षांनी पसरली, गेली." आवाज एका सुरात. तेरापैकी अकरा जणांची गाठ परत आली होती. सतरावा क्रमांक आला. एजेंनी वहीत बोट ठेवलं. "नारिन, तारायंत्र. तिसऱ्या वर्षी. गेली." आणि पुढच्या ओळीवर गेल्या.

दुसरा ढीग. "ओश, नान भाजणारा. जिवंत. जलालाबाद, शिक्षिका. जिवंत, सहा नातवंडं. काराकोल, म्हातारपणाने गेला, नव्वदाव्या वर्षी. नारिन, मेंढपाळ. जिवंत." सतरात एकाचीच उलटली होती. तिसऱ्या ढिगात तिघांची. आमचे आकडे चिमूटभर, पण मोठ्या प्रयोगशाळांना जे दिसत होतं त्याच दिशेचे. मला टेबलापासून हलवेना. चव्वेचाळीस आयुष्यांची दिशा त्या मेणात पहिल्या दिवसापासून होती, आणि ती ढिगात लावायला मला फक्त रंग लागले होते.

एजेंनी वही मिटली आणि विचारलं, "सतरा नंबरमध्ये ते गोळे सगळ्या कापांत आहेत का? का एखाद्याच?"

"का विचारता?"

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. ठोकळा यंत्रावर चढवला की त्याचा पृष्ठभाग सपाट होईपर्यंत पहिले काही काप फेकून द्यावे लागतात. त्या सकाळी बहिणीचा ठोकळा होता, एकही काप मनासारखा वाटेना, त्यांनी नेहमीपेक्षा जास्त काप फेकले. "मला वाटायचं, जे दिसायला हवं होतं ते त्या फेकलेल्या कापांत होतं. केराच्या डब्यात. सिम्योन ल्वोविचांना ते दिसलं असतं तर त्यांनी तिला तसं सोडलं नसतं."

 मी एजेंना तो ठोकळा परत यंत्रावर चढवायला सांगितलं. एजेंनी वरून, मधून, तळातून काप काढले. तिन्ही तपासायला दोन दिवस लागले. अंधाऱ्या खोलीत एकेक काचपट्टी त्यांना दाखवली. पहिलीत गोळे, दुसरीत गोळे, तिसरीत गोळे.

"सगळीकडे आहेत," मी म्हटलं. "तुम्ही पहिला काप दिला असता काय आणि शेवटचा दिला असता काय, सिम्योन ल्वोविचांना सारखंच दिसलं असतं. तेव्हा हे बघायचे डोळेच जगात कुणाकडे नव्हते."

त्यांनी मान हलवली. पडदा सारला, हात धुतले, बराच वेळ धुतले. मग खुर्चीत बसून तोंडावर रुमाल धरला आणि लहान मुलीसारख्या रडल्या. मी शेजारी उभी. शेवटी त्या रुमालातूनच म्हणाल्या, "ओवाळून टाकीन गं स्वतःला तुझ्यावरून. चहा टाक."

दोन वर्षांनी, २०२१ साली, पेरिझात आली. तोकमोकची भूगोलाची शिक्षिका, अडतीस वर्षांची. गाठ छोटी, पावणेदोन सेंटिमीटर, शांत दिसणारी. जुन्या हिशेबाने तिला 'बरी झालीस' म्हणून घरी पाठवलं असतं. आता मात्र अशी प्रत्येक गाठ आम्ही खास रंगांखाली घालत होतो. राखणदार गायब, गोळे लखलखीत. मी तिला बोलावून सांगितलं की दर चार महिन्यांनी स्कॅन करावा लागेल. ती भडकली.

"सर्जन म्हणतात सगळी काढली. आणि तुम्ही म्हणता परत येईल. तुम्ही काय भविष्य सांगता?"

"भविष्य नाही, अंदाज आहे. चुकूही शकतो."

"मग चुकणाऱ्या अंदाजासाठी मी दर चार महिन्यांनी मरू का भीतीने?"

 एजे काचपट्ट्यांचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या.

"भीती तर आहेच, पोरी. माझ्या बहिणीला कुणी भीती घातली नाही, ती हसत हसत घरी गेली. मला विचारशील तर मी तिला घाबरवलं असतं. रोज घाबरवलं असतं."

पेरिझातने त्यांच्याकडे पाहिलं, पर्स उचलली आणि तरातरा निघून गेली. पण चार महिन्यांनी आली. मग पुढच्या चार महिन्यांनीही. पाचव्या स्कॅनमध्ये यकृतात एक ठिपका दिसला, सेंटिमीटरभराचा. तिला काही दुखत नव्हतं, वजन वाढलं होतं उलट. सर्जननी तेवढा भाग काढला. तो ठोकळा एजेंनी कापला. यकृतात आणखी कुठे काही नव्हतं. तिला इंजेक्शनं सुरू केली, ती अजून चालू आहेत. कायमची बरी झाली असं मी म्हणणार नाही. पण शेवटच्या ऑपरेशनला दोन वर्षं होऊन गेली आणि स्कॅन स्वच्छ आहेत.

गेल्या वसंतात पेरिझातने एजेंना शाळेत बोलावलं. एजे तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. मी त्यांना गाडीने घेऊन गेले. सातवीचा वर्ग, तिसेक मुलं. पेरिझात म्हणाली, "या सोनुन एजे, यांच्यामुळे मी तुम्हाला परीक्षेत नापास करायला जिवंत आहे." वर्ग हसला. एका मुलीने विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. मी काप काढते."

"कशाचे?"

एजेंनी पिशवीतून बटाटा आणि पातं काढलं. मुलं बाकांवरून उठून टेबलाभोवती जमली. एजेंनी मनगट टेबलावर टेकवलं आणि एक काप काढला, इतका पातळ की तो त्यांच्या बोटावर ओल्या थेंबासारखा चिकटून राहिला. त्यांनी तो त्या मुलीच्या तळहातावर ठेवला. मुलीने तो दोन बोटांत धरून खिडकीकडे नेला.

"बाई, यातून डोंगर दिसतोय!"

मग प्रत्येकाला एकेक हवा झाला. एजे बसल्या आणि कापत राहिल्या.